दात पडला की मत

आमचे घरमालक नवं बिऱ्हाड ठेवून घेताना तीन गोष्टी विचारायचे. माणसं किती, पाण्याची भांडी किती आणि दात पडलेली पोरं किती. पहिले दोन प्रश्न सोलापुरात कुणीही विचारील. तिसरा ऐकला तेव्हा माझे यजमान माझ्याकडे बघायला लागले आणि मी दाराकडे. पण शाळा पायी जाण्याच्या अंतरावर होती, खोली हवेशीर होती, अंगणात बोअर होतं. माझी तनू तेव्हा तीन वर्षांची. "सगळे दात जागच्या जागी आहेत," मी जरा फणकाऱ्यानंच सांगितलं.

"हरकत न्हाय," ते म्हणाले. "पडतील की."

या दातांचा उलगडा पहिल्याच रविवारी झाला. सकाळी दहाला अंगणात शाळेसारखी पितळी घंटा वाजली. सहाही खोल्यांतली माणसं बाहेर येऊन चटयांवर बसली, मोठी आणि पोरं सरमिसळ. मालकांनी एक लांबलचक रजिस्टर उघडून हजेरी घेतली. त्यात नाव, खोली क्रमांक आणि पोरांसाठी एक जादा रकाना होता: 'खालचा पुढचा', 'वरचा डावा'. ज्याचा पहिला दुधाचा दात पडला, त्याला त्या अंगणात मताचा हक्क. मोठ्यांइतकाच, अर्धा नाही की पाव नाही. पडलेला दात छपरावर फेकायची आपल्याकडं पद्धत आहे. तिथं तो आधी मालकांच्या तळहातावर ठेवावा लागे. ते चष्मा वर करून तो खरा आहे का बघत, नोंद करत आणि मग स्वतः उभं राहून पत्र्यावर भिरकावत. पत्र्यावर टणकन आवाज आला की सगळे टाळ्या वाजवायचे.

सगळे त्यांना अप्पा म्हणत. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर आणि सदऱ्याच्या खिशात कायम दोन पेनं, एक चालतं आणि एक 'राखीव'. स्वयंपाकघरात देवाशी आणि मांजराशी कानडी, अंगणात आमच्याशी मराठी. बायको गेलेली, मुलगा पुण्यात. सगळी नोकरी एका शाळेत लिपिक म्हणून झाली आणि त्या नोकरीतलं एकच काम त्यांना जिवापाड आवडलं, निवडणुकीची ड्यूटी. जिचं पत्र आलं की आम्हा मास्तर लोकांना एकाएकी कंबरदुखी आणि रक्तदाब आठवतो, ती ड्यूटी ते मागून घ्यायचे. निवृत्तीनंतर कुणी बोलवेना, तेव्हा त्यांनी अक्कलकोट रस्त्याच्या आतल्या अंगाला, आपल्याच घरी मतदान केंद्र उघडलं.

दोन पत्र्याचे डबे. एकावर चुन्यानं लिहिलेलं 'हौदु', दुसऱ्यावर 'इल्ला'. कानडीतलं हो आणि नाही. आडोशाला दोरीवर टाकलेली चादर. बोटाला शाई म्हणून कपड्यांची नीळ. घरात तेलुगू बोलणारी, उर्दू बोलणारी, मराठी बोलणारी सगळी पोरं मत मात्र कानडीत द्यायची आणि नीळ धुतली जाऊ नये म्हणून जेवतानाही ते बोट वर धरून बसायची.

मी तेव्हा माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होते, अजूनही शिकवते. त्यामुळं या पोरखेळाचा मला पहिल्यापासून राग. राजकारण म्हणजे चिखल, त्यात लहान पोरांना कशाला उतरवायचं, असं मी चारचौघांत म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. हा माणूस माझ्या विषयात लुडबुड करत होता. एकदा पंपाशी गाठून मी त्यांना सुनावलं, "अप्पा, प्रत्येक गोष्टीचं एक वय असतं. आमच्याकडं सहावीत ग्रामपंचायत येते, सातवीत संविधान. टप्प्याटप्प्यानं असतं ते."

"सहावीत?" अप्पांनी हातातली बादली खाली ठेवली. "आन तवर त्या पोराला काय कळत नसतंय व्हय? घरात जो मोट्यानं वरडतोय त्येचंच चालतंय, ह्ये पोरगं पाळन्यातच शिकलेलं असतंय बाई. राजकारन पयलंच शिकून झालेलं असतंय. नुसतं वंगाळ शिकलेलं असतंय. तुमी सहावीत काय शिकवनार? तुमचा सगळा वेळ पुसायलाच जायचा."

"मग कधीपासून म्हणता तुम्ही?"

"दात पडला की! दात पडला म्हंजे काय झालं? आपलं कायतरी गेलं, रगात आलं, रडू आलं. आन तरी बी नवा येनार हाय, ह्ये दुसऱ्यानं सांगितल्यालं पटलं. एवढं ज्येला पटतंय, त्येला लोकशाही पटतीय की."

आणखी एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. अठराव्या वर्षी पहिलं मत देणारा माणूस म्हणजे लग्नाच्या मांडवात पहिल्यांदा चालायला शिकणारा नवरदेव. मी यावर काहीतरी झणझणीत बोलायला हवं होतं. पण माझी घागर भरली होती आणि मागं रांग होती.

'राज्यकारभार म्हंजे काय?' असं ते बैठकीच्या सुरुवातीला विचारायचे आणि पोरं एका सुरात ओरडायची, "एक नळ, सहा घागरी!" माझ्या वर्गात हाच प्रश्न पाच ओळींत लिहायला असे. त्या पाच ओळींत नळाचा उल्लेख कुठंही नव्हता.

बोलायचं असेल तर अप्पांचा जुना लाकडी रूळ हातात घ्यावा लागे. ज्याच्या हातात रूळ त्यानं बोलायचं, आणि जो ओरडला त्याची पाळी गेली. या नियमाचे कायमचे बळी म्हणजे बिरूमामा. ते मंगळवेढ्याकडचे, सगळं बालपण माळावर मेंढ्यांना हाका मारण्यात गेलेलं. त्यांनी 'चहा झाला का' विचारलं तरी शेजारची खोली दचकायची. दर रविवारी ते रूळ घेत, तोंड उघडत आणि अप्पा घंटा वाजवून रूळ काढून घेत. "आरं मी वरडतोय कुटं, मी बोलतोय!" असं ते ओरडायचे. तीन वर्षांनी मामा हळू बोलायला शिकले. त्या रविवारी मामी रडल्या.

सुरुवातीला मत म्हणजे भाजलेली शेंग असायची. पंप सकाळी सहाला लावायचा की साडेसहाला, यावर मतदान होतं. मोजायला 'हौदु'चा डबा उघडला तर आत नुसती टरफलं. डब्याशेजारी माझी तनू, गाल फुगलेले, तोंडाला सालं चिकटलेली. लाजेनं माझी मान खाली. मी तिला धपाटा घालायला उठले तर अप्पांनी घंटा बडवली. "थांबा बाई! हिला अजून मत न्हाय, म्हंजे हिचा गुन्हा बी न्हाय. गुन्हा अध्यक्षाचा, म्हंजे माजा." आणि त्यांनी खरोखर रजिस्टरात लिहिलं, 'मतपेटीच्या राखणीत अध्यक्ष कमी पडले,' खाली सही केली, दुसऱ्या दिवशी फेरमतदान ठेवलं. तेव्हापासून चिंचोके आले. भाजल्या शेंगा आणि लोकशाही एका डब्यात ठेवायची नाही, हा धडा त्यांनी पुढं प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला सांगितला, माझ्या पोरीच्या नावासकट.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर गोदामाचा प्रश्न आला.

त्या जागेत सगळं चांगलं होतं, एक गोष्ट सोडून. सहा बिऱ्हाडं आणि अप्पा मिळून एक संडास आणि एक न्हाणी. माझी शाळा सातची. पाच वाजल्यापासून हातात बादली घेऊन रांगेत उभं राहायचं, आणि कुंपणापलीकडून शिकवणीला निघालेली माझ्याच वर्गातली मुलं "गुड मॉर्निंग बाई" म्हणायची. ज्या बाईला दिवसभर वर्गात ताठ उभं राहायचं आहे, तिला ती बादली किती जड वाटते, हे मी आजही सांगू शकत नाही. आणि एक दिवस एक सूतव्यापारी आला. पुढचं अंगण त्याला सुताचे गठ्ठे ठेवायला, पत्र्याचं गोदाम घालायला हवं होतं. बदल्यात तो तीन संडास आणि तीन न्हाण्या बांधून देणार होता. अप्पांचे गुडघे गेलेले, तेही रांगेत उभे राहायचे. त्यांची मनापासून इच्छा होती. माझी तर काय, मी मनातल्या मनात फरशीचा रंगसुद्धा ठरवला.

आणि तनूचं सगळं जग त्या अंगणात होतं. ती आता साडेसहा वर्षांची होती. लपंडाव, लंगडी, मामांची शेळी, रविवारची घंटा, सगळं तिथंच. ते गेलं तर पोरांना उरणार होता ट्रकांचा रस्ता. ती रात्री जेवताना म्हणाली, "आई, माझा दात हलतोय. रविवारपर्यंत पडेल का गं?" मी म्हटलं, "उगाच हलवू नकोस." आई म्हणून म्हटलं की विरोधी पक्ष म्हणून, ते मलाच ठाऊक.

अप्पांनी प्रश्न रविवारच्या बैठकीपुढं ठेवला. जागा त्यांची, मालक ते. सरळ हो म्हणून टाकलं असतं तर कोण काय बोलणार होतं? पण अंगणाचं काहीही अंगणाला विचारल्याशिवाय करायचं नाही, हा नियम त्यांनीच लिहिलेला. पोरं प्रचाराला लागली. पुढारी म्हणजे तीन नंबरच्या खोलीतली श्रावणी, मागावर काम करणाऱ्या तेलुगू घरातली, बारा वर्षांची, दोन वेण्या आणि एक वही. ती माझ्याही दारात आली.

"बाई, तुमचं मत आम्हाला मिळणार नाही, माहितीय. का नाही, तेवढं सांगा. लिहून घेते."

मला हसू आलं, पण सांगितलं. पाच वाजता उठणं, बादली, कुंपणापलीकडची मुलं. तिनं सगळं लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि "थँक्यू बाई" म्हणून पुढच्या दारात गेली. असा प्रचार मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

रविवारी चादर टांगली. सहा बिऱ्हाडांतले नवरा-बायको म्हणजे बारा, दात पडलेली पोरं आठ, एकूण मतं वीस. अध्यक्ष फक्त बरोबरी झाली तरच मत देणार. मतं मोजली. हौदु दहा, इल्ला दहा. म्हणजे मोठ्यांपैकी दोघं फुटली होती. एक बिरूमामा, शेळीसाठी. दुसरं कोण ते मला आजवर कळलेलं नाही, पण त्या दिवशी माझे यजमान माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

अप्पा उठले. त्यांच्या हातात चिंचोका होता आणि तो कुठल्या डब्यात जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. पोरांचे चेहरे पडले. मला आतून उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात चटईवरून किंकाळी आली.

"थांबाऽऽऽ!"

तनू उभी. हनुवटीवर रक्त, डोळ्यांत पाणी, आणि पुढं केलेल्या तळहातावर दात.

"मतदान संपलं," मी म्हटलं. रूळ न घेताच म्हटलं. श्रावणीनं शांतपणे रूळ उचलला, रजिस्टराचं पहिलं पान उघडलं आणि अप्पांच्याच वळणदार अक्षरातला नियम वाचला. "'निकालाच्या कागदावर अध्यक्षांची सही होईपर्यंत मतदार यादी खुली राहील.' अप्पा, सही झाली का?"

अप्पांनी आपल्या हातातल्या चिंचोक्याकडं बघितलं. मग तो खिशात टाकला. दात घेतला, चष्मा वर केला, खात्री केली आणि लिहिलं, 'खालचा पुढचा'. तनू चादरीकडं निघाली. ती माझ्या शेजारून जाताना मी तिचा फ्रॉक धरला आणि कुजबुजले, "आईची रांग आठव गं." घंटा इतक्या जोरात वाजली की शेळी उठून उभी राहिली.

"बाई! मतदाराला हात लावायचा न्हाय! तुमी तर ह्ये शिकवताय की!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तनू आत गेली. डब्यात टक् असा आवाज झाला. गुप्त मतदानच ते, पण पुन्हा मोजल्यावर इल्ला अकरा, हौदु दहा.

मला वाटलं अप्पा चिडतील. निदान खिन्न होतील. ते दोन्ही हात वर करून नाचले. त्या गुडघ्यांनी नाचले. "हरलो! हरलो की ओ मी! जल्मभर दुसऱ्यांच्या हारजितीचे कागद भरले, आन आज सोता हरलो! कुनाकडनं? साडेसा वर्साच्या पोरीकडनं, माज्याच नियमानं!" आणि त्यांनी तो दात असा भिरकावला की तो पत्र्यावरून घरंगळत पार मागच्या बाजूला गेला. पोरं त्यांच्या अंगावर चढली. रिक्षावाल्या चाचांचा सोहेल, वय नऊ, डबा वाजवत अंगणभर पळत होता. मी खोलीत जाऊन दार आपटलं.

पण अप्पांचं खरं वेड पुढं होतं. नाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा घंटा वाजवली. दारातल्या फटीतून मला ऐकू आलं.

"जिंकलात न्हवं? मग आता संडास बांधा."

सोहेलचा डबा वाजायचा थांबला.

"अगं, बगतीस काय श्रावने? जिंकलं की कारभार तुमचा. आन कारभार तुमचा म्हंजे बाईंची रांग बी तुमची. पुढच्या रविवारी सांगा, कसं करनार ते."

तो आठवडा मी विसरणार नाही. पोरं खेळायची थांबली. खोल्यांच्या मागं वेड्या बाभळींनी भरलेली एक पट्टी होती. मोडके माग, गंजलेले पत्रे, काटे, तिकडं कुणी फिरकत नसे. तनूचा दात तिकडं पडला म्हणून ती शोधायला गेली आणि 'केवढी जागा आहे!' असं ओरडत परत आली. श्रावणीनं उडी मारायच्या दोरीनं ती पट्टी मोजली. सोहेलनं अब्बांना विचारून टेंपोची रुंदी आणली आणि मागच्या बोळात विटा मांडून बघितल्या. "टेंपो बराबर घुसता अप्पा, हम नापे ना!" तो सांगत होता आणि अप्पा मुद्दाम बहिऱ्यासारखे बसले होते. "मला कशापाई सांगताय? येपाऱ्याला सांगा."

व्यापारी आला. श्रावणी रूळ हातात घेऊन त्याच्याशी बोलली. गोदाम मागं घ्या, तिथं ऊन कमी, सूत चांगलं राहील, टेंपोला बोळ मोकळा आहे, अंगणात पोरांचा चेंडू गठ्ठ्यांवर बसायची भीती नाही. आणि मग वही उघडून तिनं माझी पाच वाजताची सकाळ जशीच्या तशी वाचून दाखवली. बादलीसकट, कुंपणापलीकडच्या मुलांसकट. व्यापारी आधी हसत होता. वही ऐकताना हसायचा थांबला. मग उठून स्वतः मागं गेला, बघून आला आणि अप्पांना म्हणाला, "जागा साफ करून द्या. मला चालतंय."

"मला नगा सांगू," अप्पा म्हणाले. "कारभारी तितं उबी हाय."

पुढचे दोन रविवार सहाही खोल्यांनी बाभळी तोडल्या. बिरूमामा कुऱ्हाडीवर, चाचा पत्रे ओढायला, मी कोयता घेऊन. हातभर ओरखडे आले. तनू आणि बाकीची पोरं तुटलेल्या फांद्या बाहेर नेत होती आणि अप्पा खुर्चीवर बसून कुणी किती वेळ काम केलं ते लिहीत होते, अर्थात राखीव पेनानं, कारण चालतं पेन संपलं होतं.

उन्हाळ्याआधी मागं गोदाम उभं राहिलं आणि त्याच्या बदल्यात तीन संडास आणि तीन न्हाण्या. अंगण जसंच्या तसं. उद्घाटनाला फीत बांधली, पेढे आले. पहिला मान कुणाचा यावर बैठक बसली. अप्पांनी तनूचं नाव सुचवलं. तनूनं रूळ घेतला, दातांतल्या खिंडीतून नीट उच्चार करायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "आईचा. ती सगळ्यांत जास्त रांगेत उभी राहिली." एकमतानं मंजूर. मी हातात नवी बादली घेऊन, फीत कापून, सहा बिऱ्हाडांच्या टाळ्यांच्या कडकडाटात संडासात गेले. आत कडी लावली आणि खुशाल रडले. हरल्याचा इतका आनंद माणसाला होऊ शकतो, हे कुठल्याच पुस्तकात मी शिकले नव्हते.

जूनमध्ये मी माझ्या सहावीच्या वर्गात दोन डबे नेले. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, इतक्या लहान मुलांना राजकारण नको." मी म्हटलं, "सर, ती शिकूनच आली आहेत. मी फक्त पुसतेय."

आम्ही पुढं आमच्या घरात राहायला गेलो. अप्पा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. रजिस्टर श्रावणीकडं आहे, ती तिथंच राहते, आणि दर रविवारी दहाला घंटा तीच वाजवते. यंदा कुणाचा तरी वरचा उजवा पडला, असा तिचा फोन आला होता.

परवा तनूनं मतदान केलं. अठरा पूर्ण झाली, कार्ड आलं, सकाळीच जाऊन रांगेत उभी राहिली. मी तिच्या मागं. आत गेल्यावर शाई लावणाऱ्या अधिकाऱ्यानं तिच्याकडं बघून कौतुकानं विचारलं, "पहिलंच मतदान का?"

"नाही," तनू म्हणाली. बोट तिनं आधीच पुढं केलं होतं. "पहिलं साडेसहाव्या वर्षी केलं. एका मतानं जिंकले होते."

त्यांनी गोंधळून माझ्याकडं बघितलं.

"खरं आहे साहेब," मी म्हटलं. "हरले ती मी."